चार झटक्यांचा चमत्कार

"ये, ये, ये, ये!"

अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभ्या श्वासबाबांनी एका दमात चार हाका मारल्या. प्रत्येक हाकेला काचेवर बोट आपटलं. आणि आत, सकाळपासून लाकडासारख्या पडलेल्या बाईचा उजवा अंगठा चार वेळा उडाला. एक कमी नाही, एक जास्त नाही.

बाहेर तीसेक माणसं दाटीवाटीने उभी होती. कुणी हंबरडा फोडला, कुणी जमिनीवर लोटांगण घातलं, कुणी मोबाइल उंच धरला. बाईची सासू बाबांच्या पायांवर कोसळली. बाईचा नवरा पेशाने वायरमन. सहा फुटी गडी, पण लहान मुलासारखा स्फुंदत होता.

"काळाच्या मुठीतून एकेक बोट सोडवतोय," बाबा डोळे मिटून म्हणाले. "आता श्वास येईल. आत माझा जाईल, बाहेर तिचा येईल."

आणि खरंच, दहा मिनिटांत बाईची छाती यंत्राशिवाय हलली.

आत काचेकडे पाठ करून भूलतज्ज्ञ डॉक्टरीण उभी होती. तिच्या तळहातात साबणाच्या वडीएवढी एक डबी होती. डबीतून निघालेल्या दोन तारा बाईच्या मनगटावर चिकटवलेल्या होत्या आणि मनगट चादरीच्या घडीआड होतं. बाहेर गलका झाला तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी चक्कर येऊन पडलं असावं. आपल्या पाठीमागे एक चमत्कार होऊन गेला, हे तिला बिचारीला तासाभराने कळलं.

ही सगळी हकिगत त्या डॉक्टरीणबाईंची. रुग्णालयात त्यांना सगळे 'भूलबाई' म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

पलंगावरची बाई सिटी बसमध्ये कंडक्टर होती. आवाज असा की पुढच्या दारातली माणसं मागच्या दाराने उतरावीत. त्या दिवशी सकाळी पोटभर खाऊन ती ड्यूटीवर गेली आणि दुसऱ्याच फेरीत पोट धरून खाली बसली. अपेंडिक्स फुटलं होतं. थांबायला वेळ नव्हता.

भरल्या पोटी भूल द्यायची म्हणजे जोखीम असते. पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर माणूस हातचा जातो. म्हणून झोपेच्या औषधापाठोपाठ लगेच स्नायू सैल करणारं औषध द्यायचं आणि श्वासनलिकेत नळी टाकायची. अशा घाईच्या वेळेला भूलबाईंचं जुनं विश्वासू औषध होतं सक्सामेथोनियम. थिएटरात त्याला सगळे नुसतं 'सक्सा' म्हणतात. मिनिटाभरात अंगभर बारीक थरथर होते, मग सगळे स्नायू ढिले पडतात. श्वासाचेसुद्धा. तेवढा वेळ यंत्र श्वास देतं. रक्तातलं एक एन्झाइम त्या औषधाचा फडशा पाडतं आणि पाचदहा मिनिटांत माणूस आपला आपण श्वास घेऊ लागतो.

कंडक्टरबाई घेईना. दहा मिनिटं गेली, पाऊण तास गेला, शस्त्रक्रिया संपली. बाई तशीच.

काय झालं असावं, ते भूलबाईंनी ओळखलं. काही हजारांत एखाद्या माणसात ते एन्झाइम जन्मतःच कामाचं नसतं. त्याच्या अंगातून सक्सा मिनिटांऐवजी तासांनी उतरतं. उपाय एकच: यंत्राने श्वास द्यायचा, झोपेचं औषध चालू ठेवायचं आणि वाट बघायची. दर अर्ध्या तासाला मनगटावरच्या नसेला चार बारीक झटके द्यायचे. अंगठा उडाला की समजायचं, औषध उतरतंय.

इतकं साधं. पण बाहेर येऊन नातेवाइकांना त्या काय म्हणाल्या? "थोडा वेळ लागेल." आणि परत आत गेल्या.

थोडा म्हणजे किती, का, कशामुळे, काही नाही. तासाभराने सासूबाईंनी विचारलं, "डॉक्टर, माझी सून जिवंत आहे ना?" तर एक नर्स जाता जाता म्हणाली, "मशीनवर आहे." झालं! मशीनवर म्हणजे गेल्यात जमा, हे सगळ्या जगाला ठाऊक. वायरमनने धाव घेतली ती थेट श्वासबाबांकडे.

श्वासबाबांची ख्याती मोठी होती. आजवर सात माणसं त्यांनी 'मशीनवरून परत आणली' होती. किती जणांकडे गेलेच नाहीत, याची नोंद अर्थातच कुणाकडे नव्हती. दुपारी बाराला वायरमन गेला तेव्हा बाबांनी नाकपुडी दाबून हवा हुंगली आणि म्हणाले, "काळ अजून शिरजोर आहे. वेळ आली की मी न बोलावता येईन." दीडला पुन्हा गेला, पुन्हा तेच.

आणि साडेतीनला बाबा न बोलावता हजर! यालाच तर अंतर्ज्ञान म्हणतात.

*

तिसऱ्या दिवशी भूलबाई वॉर्डात गेल्या त्या एक नवं कार्ड घेऊन; आदल्या दिवशीचं गायब झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की या व्यक्तीला सक्सामेथोनियम देऊ नये; आईवडील, भावंडं आणि मुलांची रक्ततपासणी करावी.

"ते आधीचं कार्ड कुठाय? काल नर्सने दिलेलं?"

वायरमनने मान खाली घातली. "बाबांनी पाण्यात बुडवलं, मॅडम. म्हणाले, दोष धुतलाय, हा कागद त्याला परत हाक मारतो."

"आणि तुम्ही बुडवू दिलंत?"

"मॅडम, राग मानू नका," सासूबाई मध्येच बोलल्या. "तुम्ही भूल दिलीत, त्यांनी उतरवली. तुमची उतरत नव्हती ना?"

भूलबाईंनी नवं कार्ड वायरमनच्या हातात ठेवलं.

"तिचं अंग दुखतंय बघा सगळं," सासूबाई पुढे म्हणाल्या. "मान, खांदे, पोटऱ्या. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतात पोटऱ्या! बाबा म्हणाले, काळ एकीकडून ओढत होता, मी दुसरीकडून. ओढाताणीत दुखणारच."

"आजी, ते औषध सुरुवातीला सगळ्या स्नायूंना थरथरवतं. त्याने दोनतीन दिवस अंग दुखतं. पुष्कळांचं दुखतं. त्यात काळाचा काही संबंध नाही."

सासूबाईंनी 'तुम्ही म्हणाल तसं' अशी मान हलवली. तिचा अर्थ 'तुम्हाला काय कळतंय' असाच असतो.

पलंगाशी कंडक्टरबाईची धाकटी बहीण बसली होती. पोट पुढे, पाय सुजलेले, नववा महिना. मूल आडवं होतं आणि दहा दिवसांवर सिझेरियनची तारीख होती. भूलबाई तिच्याकडे वळल्या.

"तुमचं रक्त आजच तपासायचं. सख्ख्या बहिणीत हा दोष असण्याची शक्यता चारात एक आहे. ऐनवेळी सिझेरियनला पूर्ण भूल द्यावी लागली तर हेच औषध देतात."

"नाही, नको," बहीण पोटावर हात ठेवून म्हणाली. "बाबांनी सांगितलंय, रक्त काढू द्यायचं नाही. ऑपरेशनपण नको. ते फुंकर घालून मूल सरळ करणार आहेत."

"आडवं मूल फुंकरीने सरळ होत नाही, बाळा. वेळेत ऑपरेशन झालं नाही तर तू जाशील आणि तेही जाईल."

"बघा!" सासूबाई कडाडल्या. "अशी अभद्र वाणी! बाबा कधी असं बोलतात का?"

बाबा कशाला बोलतील? खोट्याला गोड बोलायला कसलीच अडचण नसते.

या सगळ्यात कंडक्टरबाई गप्प होती. एरवी जिचं तोंड बंद करायला अख्खा डेपो टेकीला यायचा, ती छताकडे बघत पडली होती. लोक म्हणत, 'पलीकडचं' बघून आलीय, म्हणून वाचा गेली. भूलबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, पडदा ओढला आणि स्टूल पुढे घेतलं.

"घसा दुखतोय?"

"थोडा." आवाज नळीने खरखरीत झालेला.  मग ती म्हणाली, "डॉक्टरबाई, मी ऐकत होते."

"काय?"

"शेवटी शेवटी. डोळे उघडेनात, बोट हलेना. ओरडायचं म्हटलं तर आवाज नाही. छाती आपोआप वरखाली होत होती, माझी नसल्यासारखी. मला वाटलं, मरण म्हणतात ते हेच. मेल्यावर असं सगळं ऐकू येतं."

भूलबाईंना आठवलं. अडीच वाजता अंगठा पहिल्यांदा किंचित हलला, तेव्हा त्यांनी झोपेचं औषध कमी करायला घेतलं होतं. घाई झाली होती. मेंदू जागा झाला, स्नायू अजून बांधलेले होते. माणसाला जिवंतपणी पुरण्यासारखंच ते.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "औषध इतक्यात कमी करायला नको होतं. मला माफ करा. आणि हे मी तुमच्या कागदांतही लिहिणार आहे."

कंडक्टरबाईने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. चूक कबूल करणारं माणूस तिने नोकरीत फारसं पाहिलं नव्हतं.

"मग आता मी काय ऐकलं ते ऐका," ती म्हणाली. "माझ्या उशाशी उभं राहून तुमचे मामा फोनवर बोलत होते."

मामा म्हणजे अतिदक्षता विभागातले जुने सेवक. पांढऱ्या मिशा, सगळ्यांशी गोड, वीस वर्षं याच विभागात. दर अर्ध्या तासाला "बाई, अंगठा हलला का?" असं तेच काळजीने विचारत होते.

कंडक्टरबाईने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता भूलबाईंना काच आठवली, गलका आठवला आणि सगळा हिशेब लागला. त्या झटके देण्याआधी नर्सला मोठ्याने म्हणत, "चार देते." मामा पायथ्याशी उभे राहून तेव्हाच कान खाजवत. बाहेरून बाबांना मामा दिसत, डबी कुणालाच दिसत नसे. पहिल्या खेपेला बाबांचा ताल चुकलाही होता. हाका आधी झाल्या, अंगठा मागून उडाला. पण चुकलेला ताल कुणाच्या लक्षात राहतो? दुसऱ्या खेपेला जमलं आणि तेच तीन मोबाइलांत उतरलं.

"हे घरी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं नवऱ्याला. म्हणाला, तुला भ्रम झालाय." ती कडवट हसली. "मेलेल्या बाईवर सगळ्यांचा विश्वास आहे, डॉक्टरबाई. जिवंत बाईवर कुणाचा नाही."

*

नवव्या दिवशी श्वासबाबांच्या सभागृहात 'परत आलेल्या' बाईचा अनुभव ठेवला होता. सभागृह म्हणजे पूर्वीचं एक गोदाम. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चार पंखे आणि कर्कश माइक. पाचशे माणसं असतील. पहिल्या रांगेत मामा, मिशांना तेल लावून. सासूबाई, वायरमन आणि अवघडलेली धाकटी बहीण व्यासपीठावर. चौथ्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन, भूलबाई. कंडक्टरबाईनेच त्यांना बोलावलं होतं.

बाबांनी श्वासावर पाऊण तास प्रवचन झोडलं. विश्वाचा एक श्वास असतो, तो उजव्या नाकपुडीतून येतो, डाव्या नाकपुडीवाल्यांनी सांभाळून राहावं, वगैरे. मग ते गहिवरून म्हणाले, "ही माउली पाच तास मेलेली होती. मी हिला चार हाका मारल्या. चार का? कारण चार दिशा! सांग बाई, त्या अंधारात तुला काय ऐकू आलं?"

कंडक्टरबाईने माइक हातात घेतला. गर्दीला आवाज देण्याची सवयच तिला होती.

"आधी मामांचा आवाज ऐकू आला," ती म्हणाली.

बाबांचं हसू जागच्या जागी राहिलं.

"मामा फोनवर म्हणत होते, 'आता निघा. अंगठा हलायला लागलाय. बाई म्हणतात, तासाभरात श्वास घेईल. उशीर केलात तर आपोआप उठेल, मग काय उपयोग?'"

सभागृहात कुजबुज उठली. मामांनी खिशातला रुमाल काढून मिशा पुसल्या.

"हिला भ्रम झालाय!" बाबा म्हणाले. "पलीकडून आलेल्या जिवांना असे भास होतात. भक्तहो, हिची कीव करा."

"भास?" कंडक्टरबाई सासूकडे वळली. "आई, त्यानंतर तुम्हाला दोन मिनिटं आत सोडलं होतं. एकट्यांना. तुम्ही माझं पाऊल धरलंत आणि म्हणालात, 'ऊठ गं भवाने, तू गेलीस तर मी भांडू कुणाशी?' हे तुम्ही कुणाला सांगितलंय?"

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही.

"तुला... ऐकू आलं?"

"सगळं आलं. मी मेले नव्हते, आई. औषधाने बांधलेली होते."

सासूबाई माइकसमोरच रडू लागल्या. बाबांनी संधी साधली. "ते काहीही असो, पण अंगठा! तीन मोबाइलांत आहे! माझ्या हाकेला अंगठा उडाला की नाही?"

"उडाला," भूलबाई चौथ्या रांगेतून उठून म्हणाल्या. "माझ्याही हाकेला उडेल. कुणाचाही. वायरमनदादा, हात पुढे करता?"

त्यांनी व्यासपीठावर जाऊन पर्समधून डबी काढली, वायरमनच्या मनगटावर दोन तारा चिकटवल्या आणि वर रुमाल टाकला. "थोडं टोचेल. आता लोकहो, तुम्हीच हाका मारा."

मागून एका पोराच्या आवाजाने सुरुवात केली, मग सगळेच ओरडले, "ये, ये, ये, ये!" वायरमनचा अंगठा चार वेळा टणाटणा उडाला.

"आता 'जा' म्हणा."

"जा, जा, जा, जा!" तरीही चार वेळा उडाला. कुणीतरी "बस पंक्चर!" असं ओरडलं, तेव्हाही उडाला. आता हशा आवरेना.

वायरमनने रुमाल झटकून टाकला, तारांकडे पाहिलं, डबी उलटीसुलटी करून पाहिली. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"हा तर करंट आहे!" तो ओरडला. "बावीस वर्षं झाली मला करंटमध्ये काम करून! बावीस वर्षं! आणि मला, मला करंटने फसवलं?"

फसवणुकीपेक्षा धंद्याचा अपमान त्याला जास्त झोंबला, आणि ते बरंच झालं.

"बाबा," भूलबाई म्हणाल्या, "बारा वाजता हिचा अंगठा हलत नव्हता, तेव्हा तुम्ही का आला नाहीत? दीडला का नाही? काळाशी ओढाताण करायची तर तेव्हा करायची होती. गाडी फलाटाला लागल्यावर हिरवा झेंडा दाखवायला कोण लागतं?"

बाबांना दरदरून घाम सुटला. श्वास अडकला, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. त्यांनी झब्ब्याच्या आतल्या खिशातून चटकन दम्याचा पंप काढला आणि तोंडाशी धरून दोनदा दाबला. पाचशे माणसांनी ते पाहिलं. विश्वाचा श्वास त्या दिवशी बहुधा रजेवर होता.

"घ्या, घ्या, लाजू नका," भूलबाई शांतपणे म्हणाल्या. "औषध चांगलं आहे. आम्हीही तेच देतो."

सगळे काही एका दिवसात शहाणे झाले नाहीत. दहावीस जण "डॉक्टर लोक जळतात" असं म्हणत बाबांभोवती कडं करून त्यांना मागच्या दाराने घेऊन गेले. मामांची चौकशी लागली आणि मागच्या सातही 'पुनर्जन्मांच्या' दिवशी त्यांच्या फोनवरून बाबांना निरोप गेल्याचं निघालं. बाबांनी दुसरं गाव गाठलं म्हणतात. तिथेही एखादे मामा मिळतीलच.

पण धाकटी बहीण त्या दिवशी सभागृहातून घरी गेली नाही. थेट रुग्णालयात गेली आणि बाही वर करून बसली. सोबत सासूबाई होत्या. "काढा रक्त," त्या म्हणाल्या. "किती पाहिजे तेवढं काढा, फक्त ती रडली तर मला बोलवा."

तपासणीत दोष निघाला. बहिणीत जो होता तोच. सिझेरियनच्या कागदावर लाल शाईत ते लिहिलं गेलं. भूलबाईंनी पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला, आणि पूर्ण भूल द्यायची वेळ आलीच तर वापरायचं दुसरं औषध ट्रेमध्ये तयार ठेवलं. ते लागलं नाही. मूल बाहेर आलं, मुलगी होती, आणि तिने मावशीला शोभेल असा टाहो फोडला.

भूलबाईंनीही एक बदल केला. शस्त्रक्रियेला वेळ लागला की त्या आता दर तासाला बाहेर येतात, नातेवाइकांसोबत बाकावर बसतात आणि काय झालंय, का झालंय, किती वेळ लागेल, काय ठाऊक नाही, ते साध्या शब्दांत सांगतात. 'थोडा वेळ लागेल' या तीन शब्दांनी श्वासबाबांसाठी दार उघडलं होतं, हे त्या स्वतः कबूल करतात.

म्हणून वाचकहो, एवढंच सांगणं आहे. आपलं माणूस काचेपलीकडे असताना मन कच्चं होतं, त्यात लाज नाही. पण अशा वेळी हात जोडण्याआधी तोंड उघडा. डॉक्टरला विचारा, 'का?' उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्यालाही विचारा, 'आत्ताच का? काल का नाही?' खरं असेल ते असल्या प्रश्नाने मोडत नाही. आणि जो प्रश्न ऐकून चिडतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.